आधी एक केबल लाव, मग राउटर घे

ताई,
आम्ही सहा जण एका भाड्याच्या घरात राहतो, सगळे शिकणारे. खाली हॉल आणि दोन खोल्या, वर तीन. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आहे, आम्ही राहायला आलो तेव्हापासून तिथेच. कनेक्शन १०० एमबीपीएसचं. दुपारी स्पीड टेस्ट ९० दाखवते, रात्री आठनंतर कधी ४०, कधी ६. परवा माझी ऑनलाइन तोंडी परीक्षा चालू असताना आवाज तीनदा तुटला. शेवटी जिन्यात बसून मोबाइलच्या डेटावर उत्तरं दिली. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत तर रेंज दिसते, पण पान उघडत नाही. नवा राउटर घ्यायला वर्गणी काढायचं ठरलंय. एकाला आठ अँटेनांचा गेमिंग राउटर हवाय, दुसरा म्हणतो मेश, म्हणजे एकमेकांशी बोलणारे दोन-तीन डबे, घ्या, तिसरा म्हणतो रिपीटर लावून मोकळे व्हा. निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आमच्यातले दोघं या वर्षी घर सोडणार आहेत, तेही ध्यानात घे. भरवशाचा राउटर कोणता, एवढंच सांग.
सहा जणांतला एक

*

अरे, वर्गणी अजून दोन दिवस तशीच राहू दे.

आज रात्री आठ वाजता, सगळे घरी असताना, एक लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोड. त्याचं वाय-फाय बंद कर, नाहीतर तो आपल्या मनाने तेच वापरत बसेल. मग स्पीड टेस्ट घे. केबलवर ९० आले आणि त्याच वेळी शेजारी ठेवलेल्या फोनवर ६, तर इंटरनेट घरापर्यंत नीट येतंय, पुढे हवेतून जाताना घोळ होतोय. केबलवरही ६ च आले, तर बाकीच्या पाच जणांना दोन मिनिटं वाय-फाय बंद करायला सांग आणि पुन्हा मोज. आता ९० आले तर लाइन तुम्हीच भरून टाकताय. तरीही ६ च राहिले तर दोष बहुतेक घराबाहेरचा. मग आठ अँटेना लावा नाहीतर अठरा, काही फरक पडायचा नाही. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. अशा वेळी सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करायची आणि केबलवर मोजलेले आकडे वेळेसकट सांगायचे. नुसतं 'वाय-फाय स्लो आहे' म्हटलंस तर 'राउटर बंद करून चालू करा' यापलीकडे उत्तर यायचं नाही.

दुसरी चाचणी पिंगची, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजायची. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आता केबल काढ, वाय-फायवर ये, आणि कमांडच्या एका खिडकीत या पत्त्याला आणि दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या एखाद्या साइटला पिंग लावून ठेव. दोन्ही आकडे शेजारी शेजारी सरकू देत. राउटरचंच उत्तर ३ मिलिसेकंदांवरून २०० वर उड्या मारत असेल, तर अडचण तुझ्या आणि राउटरच्या मधल्या हवेत आहे. राउटर शांतपणे ३-४ देतोय आणि बाहेरचा आकडा २० वरून ४०० वर चढतोय, तर वाय-फाय निर्दोष आहे आणि रांग लाइनच्या तोंडाशी लागली आहे.

पत्र वाचून मला वाटतं, तुमच्याकडे दोन्ही आहे. कोपऱ्यातल्या खोलीचं दुखणं हवेतलं, आणि तोंडी परीक्षेत आवाज तुटला तो रांगेमुळे.

हे रांगेचं प्रकरण मला फार उशिरा कळलं. शिकत असताना मीही असंच घर वाटून राहायचे. रोज रात्री नऊच्या सुमाराला कॉल तुटायला लागायचे आणि दहापर्यंत सगळं आपोआप सुरळीत. आम्ही राउटर बदलला. पुन्हा नऊला तेच. दुसराही बदलला, आधीपेक्षा महाग. तरी नऊला तेच. शेवटी एका सुट्टीच्या आठवड्यात एक मैत्रीण गावाला गेली आणि सातही रात्री कॉल एकदाही तुटला नाही. ती फोटोग्राफी करायची. नऊला घरी आली की तिचा लॅपटॉप दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवायला घ्यायचा. तिला बिचारीला याचा पत्ताही नव्हता. दोन राउटरांचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

होतं काय, ते बघ. कॉलमधला तुझा आवाज साधारण दर २० मिलिसेकंदांना एका छोट्या पुडीत बांधून पाठवला जातो. पुडी अगदी हलकी, पण वेळेवर पोचायला हवी. फोटोंचा ढीग येतो तो राउटरच्या किंवा मोडेमच्या मेमरीत जाऊन रांग धरतो. खिडकीवर कारकून एकच, पुढे एक माणूस चाळीस अर्ज घेऊन उभा, आणि तुझ्या हातात एकच चिठ्ठी, असं ते चित्र. हिशेब करून बघ: अपलोड १० एमबीपीएस असेल आणि पुढे १ मेगाबाइटची रांग असेल, तर ती संपायला ०.८ सेकंद लागतात. एवढ्या उशिरा आलेला आवाज तुकड्यांतच ऐकू येतो. डाउनलोड १०० असूनही अपलोड त्याहून बराच कमी असलेले प्लॅन पुष्कळ असतात. तुमचा अपलोड किती आहे ते बिलावर किंवा स्पीड टेस्टमध्ये बघ. सगळे डाउनलोडचा आकडा पाठ म्हणून दाखवतात, अपलोडचा कुणालाच माहीत नसतो.

गंमत म्हणजे ही रांग चांगल्या हेतूने लांब केलेली आहे. डेटा गळू नये म्हणून यंत्रं बनवणाऱ्यांनी मेमरी वाढवत नेली. पण पाठवणारा संगणक वेग कमी करतो तो बहुधा डेटा गळायला लागल्यावरच. गळतच नाही म्हटल्यावर तो रेटत राहतो आणि रांग वाढत राहते. जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाला २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या लाइनवर हे दिसलं आणि त्याला 'बफरब्लोट' हे नाव पडलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाचा तोडगा मांडला. पुडी रांगेत किती वेळ अडकली ते बघायचं आणि वेळ फार होत असेल तर वेळीच गाळून पाठवणाऱ्याला सावध करायचं. त्याची पुढची आवृत्ती एफक्यू-कोडेल प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते, म्हणजे फोटोंचा ढीग आपल्या जागी आणि तुझी चिठ्ठी आपल्या जागी. त्यानंतर केक नावाची पद्धत आली. तिला प्रत्येक माणसाच्या, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या, वाट्याची समान विभागणी करता येते. सहा जणांच्या घराला याहून उपयोगी गोष्ट मला माहीत नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर: ज्या राउटरच्या सेटिंगमध्ये ही रांग आवरणारी एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू अशा नावाची सोय आहे, किंवा ज्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरांसाठीचं खुलं सॉफ्टवेअर चढवता येतं, तो घे. खोक्यावर हे क्वचित छापलेलं असतं. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची माहितीपुस्तिका उघडून शोधावं लागतं. साध्या 'क्यूओएस'ला भुलू नकोस. बऱ्याच राउटरांत त्याचा अर्थ एवढाच असतो की एका उपकरणाच्या नावापुढे मुकुट लावायचा आणि त्याला पुढे काढायचं. सहा जणांत तो मुकुट कुणाचा यावरून तुमचं भांडण होईल ते वेगळंच. एसक्यूएमला मुकुट लागत नाही. त्याला फक्त लाइनचा वेग खऱ्यापेक्षा थोडा कमी सांगायचा. १०० असेल तर ९० सांग, अपलोडही तसाच, म्हणजे रांग राउटरच्या ताब्यात राहते. दहा एमबीपीएस सोडल्यासारखे वाटतील. मागच्या आठवड्यात ६ वर बसला होतास, हे त्या वेळी आठव.

आता आठ अँटेनांचं बघू.

वाय-फाय म्हणजे दोघांचं संभाषण. राउटरने कितीही मोठ्याने हाक मारली तरी फोनला उत्तर द्यावं लागतं, आणि फोनचा आवाज लहान असतो. बहुतेक फोनमध्ये वाय-फायच्या अँटेना दोनच असतात, तुमचा राउटर आठांचा असो की दोनांचा. शिवाय राउटरने किती ताकदीने बोलायचं याला नियमांची मर्यादा असते. वरच्या कोपऱ्यात 'रेंज दिसते पण पान उघडत नाही' असं तू लिहिलंस, त्याचा अर्थ बहुधा हाच: राउटरचं फोनला ऐकू येतंय, फोनचं राउटरला ऐकू जात नाहीये. यावर इलाज म्हणजे अंतर कमी करणं.

खोक्यावरचे आकडेही असेच फुगवलेले. 'एएक्स३०००' म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ यांची बेरीज करून गोल केलेली. एक फोन दोन्ही पट्ट्यांवर मिळून ती बेरीज वापरत नाही, आणि २४०२ हाही कागदावरचा आकडा आहे, १६० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवरचा. त्यात तुमची लाइन १०० ची. एक फसवणूक मात्र नक्की तपास: वायरलेसवर हजाराच्या पुढचे आकडे छापून केबलचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच ठेवलेले राउटर अजून विकले जातात. आज तुमचं भागेल, पण उद्या प्लॅन वाढवलात की गळा तिथेच आवळेल. सगळे पोर्ट गिगाबिट, हे बघूनच घे.

वाय-फाय ६, दोन पट्ट्यांचा, एवढं तुम्हाला पुरे. अशी आकड्यांची नावं द्यायची पद्धत वाय-फाय अलायन्सने २०१८ मध्ये आणली, त्याआधी ८०२.११एसी वगैरे म्हणायला लागायचं. सहाव्या पिढीचा खरा फायदा वेगात नाही, गर्दीत आहे: एकाच खेपेत चॅनेलचे तुकडे करून अनेक उपकरणांना वाटता येतात. माणसं सहा असली तरी फोन, लॅपटॉप, टॅब आणि टीव्ही मोजलेस तर पंधरा-वीस उपकरणं सहज भरतील. वाय-फाय ७ ला जास्तीचे पैसे घालू नका. ते पैसे केबलला ठेवा, त्यावर येतेच.

भरवसा या शब्दाचा अर्थ मी तीन गोष्टींत शोधते. पहिली, फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर. राउटर घरात वर्षानुवर्षं चोवीस तास चालू असतो, आणि सगळ्या घराची दारं त्याच्या हातात असतात. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या डाउनलोडच्या पानावर शेवटचं अपडेट कधीचं आहे ते बघ. दोन-तीन वर्षं काही आलेलं नसेल तर तो राउटर दुकानात नवा असला तरी म्हातारा आहे. बघताना व्हर्जनही बघ. एकाच नावाखाली व्ही१, व्ही२, व्ही३ असतात आणि आतली चिप वेगळी निघू शकते. हे बारीक अक्षरात तळाच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीतही मॉडेल आणि व्हर्जन दोन्ही जुळावं लागतं. ही यादी मला इतकी का आवडते, सांगू? २००२ च्या अखेरीस आलेल्या लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या निळ्या-काळ्या डब्याच्या आत लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं, कंपनीला त्याचा कोड खुला करावा लागला आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. कंपनीने हात झटकल्यावरही त्या यादीतला राउटर बरीच वर्षं सांभाळला जातो.

दुसरी गोष्ट उष्णता. टीव्हीच्या मागे, भिंतीला टेकून, धुळीत बसलेला राउटर तापतो. तापला की मंदावतो किंवा आपोआप बंद पडून चालू होतो. तिसरी अडॅप्टर. याकडे कुणाचंच लक्ष नसतं. माझा एक राउटर रोज संध्याकाळी स्वतःहून रीस्टार्ट व्हायचा. मी त्याला भंगारात काढणार होते. अडॅप्टर १२ व्होल्टचा होता. तेवढ्याच व्होल्टचा, अँपिअर तेवढेच किंवा थोडे जास्त असलेला आणि पिन तशीच असलेला दुसरा लावला. तो राउटर पुढे तीन वर्षं चालला. तुमचा सध्याचा टाकून द्यायच्या आधी हेही करून बघ. आणि 'रोज रात्री बंद करून चालू केला की बरा चालतो' असं ज्या राउटरबद्दल कुणी सांगेल तो कौतुकाचा नाही, आजारी आहे.

जागा बदलायला तर पैसेही लागत नाहीत. टीव्हीच्या मागून राउटर आजच काढ. पडद्यामागचा धातू लहरी अडवतो. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर डोक्याच्या उंचीला तो बसला तर खाली-वर दोन्हीकडे सारखा पोचेल. ५ गिगाहर्ट्झ जवळ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतं. २.४ लांब जातं, पण तिथे शेजारपाजारचे सगळे राउटर आणि चालू मायक्रोवेव्ह एकाच कोलाहलात. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच ठेव, कारण एकमेकांवर न चढणारे हे तीनच. रुंदी २० मेगाहर्ट्झ. 'मधलं कोणतंतरी, ३ किंवा ८' असं हुशारीने निवडलंस तर दोन्हीकडच्यांचा त्रास पदरात पडतो.

कोपऱ्यातल्या खोलीसाठी रिपीटर घेऊ नका. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, म्हणजे प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा जाते आणि वेग साधारण अर्धा होतो. त्यातून तो लोक लावतात नेमका रेंज नसलेल्या खोलीत, जिथे त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही. मेश बरा, पण त्याचा दुसरा डबाही वाटेत मध्यावर ठेवायचा, मेलेल्या खोलीत नाही. सगळ्यात पक्कं म्हणजे एक केबल. कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते, आणि तुम्हाला वीस-पंचवीस मीटर लागेल. भिंतीला भोक पाडायचं तर घरमालकाला विचारा. नाहीतर जिन्याच्या कडेने चिकटणाऱ्या क्लिपा लावून ती वर न्या. वरच्या टोकाला तुमचा आत्ताचा राउटरच अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे नुसतं वाय-फाय पुरवायला, लाव. तो मोड नसेल तर त्याचा पत्ता नव्या राउटरहून वेगळा ठेव, त्याचं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटायचं काम, बंद कर आणि केबल वॅन, म्हणजे इंटरनेटच्या, पोर्टात न घालता लॅन पोर्टात घाल. नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच दे, चॅनेल मात्र वेगळं. म्हणजे फोन जिना चढताना आपणहून वरच्याला धरेल.

कंपनीने दिलेला डबा फेकू नका, तो बहुधा परत करावा लागतो. तो नव्या राउटरच्या आधी राहणार असेल तर त्याला ब्रिज मोडमध्ये, म्हणजे राउटरचं काम सोडून नुसता डेटा पुढे सोडायला, टाकायला कंपनीला सांगा. ते जमत नसेल तर निदान त्याचं वाय-फाय बंद करा. दोन राउटर एकामागे एक आले की गेम आणि काही कॉल विनाकारण अडखळतात.

दोघं घर सोडणार आहेत म्हणतोस, तर आत्ताच ठरवा की राउटर घराचा, कुणा एकाचा नाही. जाणाऱ्याने वाटा मागायचा की नाही हेही आत्ताच. अ‍ॅडमिनचा पासवर्ड कारखान्याचा ठेवू नका आणि फक्त एकाच्या डोक्यातही ठेवू नका. मी एका घरात रीसेटच्या भोकात टाचणी खुपसून पहिल्यापासून सगळं उभं केलंय, कारण ज्याला पासवर्ड माहीत होता तो परदेशी गेला होता आणि तिथे मध्यरात्र होती. सेटिंगची बॅकअप फाइल काढून दोघांकडे ठेवा. कुणी घर सोडलं की वाय-फायचा पासवर्ड बदला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना गेस्ट नेटवर्क द्या. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डाऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद. त्याचा आठ आकडी पिन जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत फुटतो हे २०११ मध्येच उघड झालंय. सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि ३ अशी मिश्र ठेव, नाहीतर कुणाचातरी जुना टीव्ही जोडलाच जाणार नाही आणि दोष तुझ्यावर येईल.

परत करायची मुदत देणाऱ्या दुकानातूनच घ्या आणि त्या मुदतीत त्याला नीट छळा. रात्री आठला एकाने मोठी फाइल अपलोड करायची, दोघांनी व्हिडिओ लावायचे, एकाने गेम उतरवायला घ्यायचा, आणि तू वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसून सहाव्याला व्हिडिओ कॉल करायचा. शेजारी पिंगची खिडकी उघडी ठेव. बाहेरचा आकडा सगळ्या धामधुमीत ५०-६० च्या आत राहिला तर तो राउटर ठेवा. दोनशे-तीनशेवर गेला तर एसक्यूएमचा आकडा ९० वरून ८५ वर आणून बघ, आणि तरी जात असेल तर खोकं उघडलंत तसंच बंद करून परत न्या.

आणि पुढच्या तोंडी परीक्षेला, राउटर कितीही चांगला आलेला असला तरी, लॅपटॉपला केबल लावून बस.

ताई